चोरकप्प्यांची जुनी लाकडी कारागिरी : डेस्कं, पेट्या आणि त्यांच्या पोटातली यंत्रं

गावभाग (सांगली) :

जुन्या लाकडी सामानात मला सगळ्यात जास्त ओढ चोरकप्प्यांची आहे. नक्षीकाम दिसतं, पॉलिश दिसतं, लाकडाची जात जाणकाराला लांबूनही कळते. चोरकप्पा करणाऱ्याने मात्र आपलं सगळ्यात अवघड काम कुणाला दिसूच नये म्हणून जीव ओतलेला असतो. सांगली-साताऱ्याकडच्या घरांत असं सामान अजून आहे आणि ते झपाट्याने भंगारात किंवा हॉटेलांच्या सजावटीत चाललंय. म्हणून हा धागा. ज्यांच्याकडे असं काही आहे त्यांनी लिहावं, ज्यांना तंत्र कळतं त्यांनी समजावून सांगावं.

सुरुवात माझ्याकडच्या वस्तूपासून करतो. आमच्या घरी एक मुनीमी डेस्क आहे. गादीवर मांडी घालून बसायचं आणि पुढ्यात ओढून लिहायचं, तसलं उतरत्या झाकणाचं. लाकूड शिसवी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. पणजोबांची हळदीची अडत होती, तिथलं हे. झाकण उघडलं की आत चोपड्या ठेवायची मोठी जागा आणि मागच्या अंगाला दौत-टाकाचे छोटे खण. एवढंच आहे असं घरात सगळे समजत आले.

साफसफाई करताना मी टेप लावली. बाहेरून, पुढून मागे, १६ इंच. फळी पाऊण इंचाची, म्हणजे पुढची-मागची मिळून दीड इंच. आत साडेचौदा इंच भरायला हवेत. भरले साडेअकरा. तीन इंच लाकडाने गिळले होते.

दौतीच्या खणांमध्ये उभ्या पट्ट्या आहेत. बाकीच्या पक्क्या बसवलेल्या, एक मात्र नखाने वर उचलली की खाचेतून सरळ वर येते. ती निघाली आणि टाकाच्या खणामागची पातळ फळी आपसूक पुढे आली. तिच्या पाठीशी बांबूची कामटी वाकवून बसवली आहे. पट्टी जागेवर असेपर्यंत ती फळीला दाबून धरते, पट्टी काढली की कामटी सरळ होते आणि फळीला पुढे ढकलते. मागे तीन लहान खण. त्यांना मुठी नाहीत, कारण मुठीला जागा लागली असती. सुती नाडीचे फास आहेत, बोट अडकवून ओढायचे.

या यंत्रणेत धातूचा एक तुकडा नाही. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे ती पुढे येणारी फळी आणि तिच्या शेजारची पक्की फळी एकाच लाकडातून कापल्या आहेत. रेषा एकीतून दुसरीत तशाच पुढे गेल्यात. सांधा पाहायला गेलं तर डोळा रेषेबरोबर वाहत जातो आणि सांधा हुकतो. मी कितीतरी वेळ नुसता तेच बघत बसलो होतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी आणि प्रवासी लिहायच्या ज्या उतरत्या पेट्या बाळगत, त्यांत अगदी हीच रचना असे : दौतीजवळची पट्टी उचला, फळी सुटते, मागे चिमुकले खण. फरक इतकाच की त्यांच्याकडे बहुतेकदा पोलादी पट्टीची स्प्रिंग आणि आपल्याकडे कामटी. कामटी अजून ताठ आहे.

-----

सुतारपक्षी (मिरज) :

टेप लावलीत हे फार बरं केलंत. आमच्या घराण्यात लाकूडकाम आहे, त्यामुळे अशा पेट्या दुरुस्तीला येतात. बरेच जण हातोडी आणि पटाशी घेऊन सुरुवात करतात आणि ज्या गोष्टीसाठी पेटी मोलाची होती नेमकी तीच फोडतात. बाहेरचं माप, आतलं माप, फळीची जाडी. या तीन आकड्यांपासून कुठलाही चोरकप्पा लपत नाही. त्याला जागा लागतेच.

जागा कुठे जाते ते सांगतो. कधी मधला एक खण शेजारच्या खणांपेक्षा आखूड असतो. बाहेरून तोंड सारखं, पण बाहेर काढून शेजारी ठेवला की तीन-चार बोटांचा फरक. त्याच्या मागे दुसरा खण. कधी तळ दुहेरी असतो, तळफळी खाचेत सरकते. उभ्या कपाटांत आणि मोठ्या लिहायच्या मेजांत मधल्या कप्प्याच्या दोन्ही बाजूंना छोटे खांब दिसतात, शोभेचे वाटतात. विलायती मेजांत तर हे नेहमीचंच : खांब अख्खाच्या अख्खा पुढे ओढला जातो आणि तो आतून पोकळ, कागदांच्या सुरळ्या उभ्या राहतील असा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो वजनावर चालणारा प्रकार. फळीत एक तिरकं भोक, त्यात सैल खुंटी. पेटी सपाट ठेवली की खुंटी आपल्या वजनाने खाली पडून खालच्या फळीच्या खाचेत बसते आणि कप्पा बंद. पेटी ठरावीक बाजूला कलती केली की खुंटी मागे सरकते, कप्पा मोकळा. स्प्रिंग नाही, कळ नाही, किल्ली नाही. कुलूप म्हणून पृथ्वीची ओढ वापरलेली आहे. काही ठिकाणी दोन खुंट्या असतात, दोन वेगळ्या दिशांना. आधी डावीकडे कलवायची, मग पुढे. क्रम चुकला की पहिली परत पडते.

आता मुख्य अवघड भाग. लाकूड हवेतला ओलावा पिऊन आडवं फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. रेषेच्या दिशेने लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत कुठलाही खण आवळतो हे सगळ्यांना माहीत आहे. साध्या खणाला थोडी फट जास्त ठेवली तर चालतं. चोरकप्प्याला फट ठेवता येत नाही, ती दिसते. म्हणून जुन्या माणसांनी वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड वापरलं आणि फळीची रेष कुठल्या दिशेला ठेवायची याचा विचार केला. सागवान त्यासाठी चांगलं, ते इतर लाकडांच्या मानाने कमी हलतं. तुमच्या फळीची रेष आडवी, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाते ना? तसं असेल तर ती रुंदीत फुगून वर-खाली आवळेल, बाजूचा सांधा मात्र वर्षभर तसाच राहील. करणाऱ्याने डोळ्यांसमोर येणारा सांधा वाचवला.

-----

गावभाग :

हो, रेष आडवीच आहे! आणि वरच्या कडेला बघितलं तर अगदी बारीक फट ठेवली आहे, ती वरच्या पट्टीच्या सावलीत जाते. तुम्ही न बघता सांगितलंत.

-----

पानसुपारी (कराड) :

फार सुंदर धागा. पण सगळ्यांच्या मनातला प्रश्न मी विचारते. खणांत काय होतं?

-----

गावभाग :

सोनं-नाणं नव्हतं. दोन खणांत घडी घातलेले मोडी कागद होते, तिसऱ्यात कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या ताईंनी कागद लावून दिले. पणजोबांनी नात्यातल्या माणसांना हातउसने दिलेल्या रकमांच्या चिठ्ठ्या आहेत. पेढीच्या चोपड्यांत यातली एकही नोंद नाही. चोपड्या दिवाणजी बघणार, भागीदार बघणार. कुणाच्या घरी चूल पेटायची अडचण होती हे त्यांना कळू नये म्हणून हा हिशेब वेगळा. बऱ्याच चिठ्ठ्यांवर उभी रेघ मारली आहे. नावं मी इथे लिहिणार नाही, त्या घरांशी आमचे अजून संबंध आहेत.

-----

पानसुपारी :

हे वाचून डेस्ककडे बघायची माझी नजरच बदलली. धन्यवाद.

-----

वाईचा घाट (वाई) :

कागद लपवायचे की जपायचे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकत्रच चालत असाव्यात. आमच्या शेजारी मेणवली. नाना फडणविसांच्या वाड्यात त्यांचं दफ्तर राहिलं. द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात जो ऐतिहासिक संग्रह उभा केला त्यात या दफ्तराचा मोठा भाग होता, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. इतका कागद टिकला तो रुमालांत बांधून, पेटाऱ्यांत, माळ्यांवर, कोरड्या खोल्यांत ठेवला म्हणून. सामानाचा इतिहास लिहिताना आपण राजांची सिंहासनं बघतो. कागद ज्या पेट्यांत वाचले त्यांच्याकडे कुणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे लपवायची कला सामानापेक्षा भिंतीत जास्त रुजली. वाड्याच्या भिंती दोन-तीन हात जाड. त्यात फडताळं, कोनाडे, आणि बळद. बळद न पाहिलेल्यांसाठी सांगते : भिंतीच्या पोटात धान्याची पोकळी, वरच्या मजल्यावरून भरायची, खालच्या खोलीत भोकाला बोळा लावलेला असतो तिथून काढायची. बाहेरून नुसती सारवलेली भिंत. फडताळाच्या मागच्या फळीआड आणखी एक हातभर जागा असणं हेही अनेक घरांत होतं. आमच्या जुन्या घरी फडताळाची सगळ्यात खालची फळी दोन्ही हातांनी उचलून थोडी पुढे ओढली की निघायची. तिला खालून खाच होती. आजी तिथे देवाचे चांदीचे टाक ठेवायची.

-----

गावभाग :

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती तीही याच घराण्यातली म्हणायला हवीत. जमिनीत खोल खड्डे, आत पोती, वर माती लिंपून तोंड बंद. वरून चालत जाणाऱ्याला खाली किती माल आहे याचा पत्ता नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांचं फार मोठं नुकसान झालं.

-----

दातेरी चाक (सातारा, सध्या पुणे) :

मी मेकॅनिकलचा माणूस आहे, त्यामुळे यंत्राच्या बाजूने भर घालतो. ज्यांना हा विषय आवडतो त्यांनी रोएंटगेन बापलेकांचं काम बघायलाच हवं. आब्राहाम रोएंटगेन (१७११-१७९३) आणि डाव्हिड रोएंटगेन (१७४३-१८०७), जर्मनीत ऱ्हाइनकाठी नॉयवीड इथे त्यांचा लाकडी सामानाचा कारखाना. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम याच्याकडे असलेलं त्यांचं लेखन-कपाट आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. माथ्यावर वाजणारं घड्याळ, अंगावर रंगीत लाकडांच्या जडावाची चित्रं, आणि कळ दाबली की दारं-खण आपोआप उघडतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१२ मध्ये रोएंटगेन कारखान्याच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, त्या वेळी केलेली या कपाटाची चित्रफीत नेटवर आहे. आवाज चालू ठेवून बघा. एक खण उघडतो, त्याच्या बाजूंना पंख फुटावेत तसे आणखी खण बाहेर वळतात, मधून लिहायची फळी वर येते. आणि हे सगळं सावकाश, न आपटता.

मला नेमकं त्या सावकाशपणाचं अप्रूप आहे. स्प्रिंग सोडली की ती सगळा जोर सुरुवातीलाच लावते, खण धाडकन बाहेर यायला हवा. तो तसा येत नाही, कारण वजनं, दोऱ्या, स्प्रिंगा आणि लाकडाचं लाकडावरचं घर्षण यांचा मेळ बसवलेला आहे. हे घड्याळजीचं डोकं आहे. पेटर किन्त्सिंग नावाचे घड्याळजी डाव्हिडबरोबर काम करत. दोघांनी मिळून १७८४ मध्ये काठ्यांनी तारा वाजवणारी यांत्रिक बाहुली केली, ती फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने घेतली. आज ती पॅरिसच्या तंत्रविद्येच्या संग्रहालयात आहे. बाहुली खरोखर तारांवर काठ्या मारते, आतून वाजणारी पेटी नाही. रशियाच्या कॅथरीन राणीनेही या कारखान्याचं सामान मोठ्या प्रमाणात विकत घेतलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर गिऱ्हाईकच उरलं नाही आणि धंदा बसला.

त्याआधीचं एक उदाहरण मला अजून जवळचं वाटतं. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचं मेज. झां-फ्रांस्वा ओबेनने १७६० मध्ये सुरू केलं, तो १७६३ मध्ये वारला, त्याच्याच कारखान्यातल्या झां-आंरी रीझनेरने १७६९ मध्ये पुरं केलं. व्हर्सायला आहे. वरचं झाकण पट्ट्यापट्ट्यांचं, गुंडाळत मागे जाणारं. एका किल्लीच्या फिरकीत झाकण आणि सगळे खण एकदम बंद किंवा उघडे होतात. आणि बाजूच्या दौतींची सोय अशी की नोकराला बाहेरूनच शाई भरता येते, राजाच्या कागदांपर्यंत हात पोचत नाही. केवढा विचार! गुपित राखायचं आणि रोजची शाईही भरली गेली पाहिजे, या दोन गरजा भांडत होत्या आणि सुताराने त्यांचा तंटा सोडवला.

ओबेननेच मादाम द पॉंपादूर या लुईच्या प्रेयसीसाठी केलेलं छोटं मेज न्यूयॉर्कला आहे. खालचा खण पुढे ओढला की वरची फळी तेवढीच मागे सरकते. एका हालचालीत टेबल जवळजवळ दुप्पट.

-----

शोधयात्री :

माहिती उत्तम. पण या बाबतीतही आपण युरोपच्याच ओव्या गायच्या का? गावभाग यांच्या डेस्कची रचनाही शेवटी इंग्रजी पेटीवरूनच आली असं निघालं.

-----

गावभाग :

रचना तिकडून आली असेल तर त्यात मला कमीपणा वाटत नाही. विशाखापट्टणमच्या कारागिरांनी अठराव्या शतकात इंग्रजी घाटाच्या कपाटांवर हस्तिदंत चढवून त्यावर चित्रं कोरली आणि कोरलेल्या रेषांत लाख भरली. घाट त्यांचा, हात आपला. माझ्या डेस्कात पोलादाच्या जागी कामटी आली, कारण इथल्या माणसाला कामटीचा स्वभाव माहीत होता. तो बुरुडाकडून शिकला असेल, धनुष्य करणाऱ्याकडून शिकला असेल. पावसाळी हवेत पोलाद गंजलं असतं. कामटी ओलाव्यात गंजत नाही. ही नक्कल नव्हे. समजून केलेला बदल आहे.

-----

दातेरी चाक :

सहमत. आणि शोधयात्री, युरोपच्या बाहेर बघायचं तर जपानकडे बघा. तिथल्या किनाऱ्याने व्यापार करणारे जहाजमालक फुना-दान्सु नावाच्या पेट्या जवळ ठेवत. त्यात पैसे, शिक्के, जहाजाचे कागद. बाहेरून कठीण लाकूड आणि लोखंडाच्या जाड पट्ट्या, आत किरी नावाच्या हलक्या लाकडाचे खण आणि त्यांच्या आड चोरकप्पे, कधी पेटीत पेटी. किरीचं लाकूड ओलं झालं की फुगून घट्ट बसतं आणि आत पाणी जाऊ देत नाही. म्हणजे सुतारपक्षी ज्याला अडचण म्हणतात तेच जपानी सुताराने कुलूप म्हणून वापरलं. जहाज बुडालं तरी पेटी तरंगत किनाऱ्याला लागावी अशी कल्पना.

हाकोनेच्या कोडं-पेट्या तर अनेकांनी पाहिल्या असतील. बाजूच्या पट्ट्या ठरावीक क्रमाने केसभर सरकवत न्यायच्या, तेव्हा झाकण सुटतं.

-----

सुतारपक्षी :

किरीची गोष्ट मला माहीत नव्हती, मन भरून आलं. फुगणाऱ्या लाकडाशी आम्ही आयुष्यभर झटतो.

कुलपांचा विषय निघाला आहे तर एक सांगायचं राहिलं. जुन्या मोठ्या लोखंडी पेट्यांत समोर दिसणारं किल्लीचं भोक खोटं असू शकतं. जर्मनीत सोळाव्या ते अठराव्या शतकात झालेल्या पेट्यांत हे सर्रास आहे. समोर सुंदर नक्षीचं भोक, चोर तिथेच खटपट करत बसणार. खरं भोक झाकणाच्या मधोमध, एका खिळ्याच्या डोक्याखाली किंवा पट्टीखाली. एक किल्ली फिरवली की झाकणाच्या आतून चहूबाजूंनी आठ-दहा दांडे एकदम सुटतात. पुढे इंग्लंडात चब्ब नावाच्या कुलूपकाराचं १८१८ चं कुलूप आलं. चुकीची किल्ली घातली तर ते अडकून बसतं, आणि मालकाला नंतर आपली किल्ली लावताना कळतं की कुणीतरी हात लावला होता. असं कुलूप तुमच्या जुन्या कपाटाला असेल तर ते बदलू नका. किल्ली नवी करून मिळते.

-----

जुना बाजार :

अशा डेस्कला आजच्या बाजारात किती मिळतील? आणि जुनं खरं कसं ओळखायचं?

-----

सुतारपक्षी :

किमतीचं मी सांगणार नाही. ओळखायचं सांगतो. स्क्रू काढून बघा (हळू, खाच मोडू नका). एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूचं टोक बोथट असायचं, आटे हाताने पाडलेले, डोक्यावरची खाच मधोमध नसायची. टोकदार, एकसारखा स्क्रू म्हणजे त्यानंतरचा. फळीच्या न दिसणाऱ्या बाजूला करवतीच्या खुणा बघा. सरळ आणि कमीजास्त असतील तर हातकरवत, कमानीसारख्या गोल असतील तर यंत्रावरची गोल करवत. खणाच्या तळाला प्लायवूड असेल तर तो खण तरी जुना नाही. आणि हात फिरवा. रंध्याने काढलेली फळी आतल्या बाजूला हलकीशी लहरी लागते.

एक कायद्याची गोष्ट. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष धरली जाते. ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिच्या विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. परदेशातलं गिऱ्हाईक आहे असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

-----

आयर्विनखाली (सांगली) :

महापुरात भिजलेल्या सामानाबद्दल कुणी सांगेल का? २०१९ ला आमच्या घरात पाणी बरेच दिवस होतं. मोठं लिहायचं मेज सगळं पाण्यात होतं. नंतर एका पॉलिशवाल्याने ते उन्हात वाळवलं, पाठीची फळी उभी फाटली आणि आतले तीन खण तेव्हापासून उघडत नाहीत. ते फोडून उघडावेत असं घरात चाललंय.

-----

सुतारपक्षी :

फोडू देऊ नका, कृपा करून.

जुन्या सामानात सांधे सरसाने धरलेले असतात. सरस म्हणजे कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, तो पाण्यात विरघळतो. त्यामुळे तुमचे सांधे सैल झाले असणार, आणि हीच तुमच्या बाजूची गोष्ट आहे. हल्लीच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं असतं तर इतकं सहज सुटलं नसतं. मिरजेत तंबोरे-सतारी करणारे कारागीर हे रोज करतात. भोपळा, तबली, दांडी, कशालाही हात घालायचा तर ऊब आणि ओलावा देऊन सांधा सोडवतात, काम करतात, परत जोडतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो मान ज्या हातांना मिळाला, तसले हात तुम्हाला हवेत. पॉलिशवाला नको.

खणांचं असं करा : पाठीची फळी आधीच फाटली आहे ना, ती मागून पूर्ण काढून घ्या. मागून खणांना सपाट लाकडी ठोकळ्याने हलकेच पुढे ढकलता येईल. खणांच्या खालच्या पट्टीवर गाळ बसला असणार, तो कोरड्या ब्रशने काढा. खण निघाला की तिथे मेण घासा. तेल लावू नका, तेल धूळ धरतं आणि पुढच्या वर्षी परत चिकटतं.

आणि सगळ्यांनाच सांगतो. सामान भिजलं तर स्वच्छ पाण्याने चिखल धुवायचा, सावलीत वारं खेळेल असं ठेवायचं, खालून विटा द्यायच्या, आणि महिने लागले तरी लागू द्यायचे. उन्हात वरचा थर पटकन आक्रसतो, आतला ओलाच असतो, म्हणून फाटतं.

-----

शोधयात्री :

गावभाग, तुमची कामटी उद्या मोडली तर? आत्ताच एक बारीक पोलादी स्प्रिंग बसवून घेतली तर पुढच्या पिढ्यांना चिंता नाही. वस्तू चालती राहिली पाहिजे असं माझं मत. नुसती जपून ठेवलेली वस्तू मेलेली.

-----

गावभाग :

चालती राहिली पाहिजे हे शंभर टक्के मान्य. मी ते खण वापरतो, घराची कागदपत्रं आता तिथेच असतात. पण पोलाद नको. कामटीचा जोर त्या पातळ फळीच्या मानाने बेतलेला आहे. जास्त जोराची स्प्रिंग रोज फळीला आपटवेल आणि एक दिवस कडेचं लाकूड तुटेल. कामटी मोडली तर दुसरी कामटी तासायची. तेवढ्यासाठी तिची लांबी, रुंदी, जाडी आणि किती वाक दिलाय ते मी कागदावर काढून, पहिल्याच खणात ठेवलंय. माझी प्रत्येकाला हीच विनंती आहे. तुमच्याकडे असा कप्पा असेल तर तो कसा उघडतो हे चित्रासह लिहून घरातल्या एका तरी माणसाला द्या. घरातल्या एकाच म्हाताऱ्या माणसाला उघडता येत होता आणि ते गेल्यावर नातवांनी कुऱ्हाड घातली, असं मी या भागात एकाहून जास्त घरांत ऐकलंय.

-----

वाईचा घाट :

अगदी खरं. आमच्या फडताळाच्या फळीची युक्ती आजीने माझ्या आईला नाही, मला सांगितली होती. मी तेव्हा शाळेत होते. घर पाडलं तेव्हा मी तिथे नव्हते.

-----

पानसुपारी :

सुतारपक्षी, मी आज माझ्या आजेसासूबाईंच्या पेटीला टेप लावली. कुंकवाचा करंडा, आरसा, फणी ठेवायची सागवानी पेटी आहे, आरसा झाकणात बसवलेला. बाहेरून उंची साडेआठ इंच, आतून सहा. झाकण वेगळं मोजलं, ते यात धरलेलं नाही. तळाची फळी अर्धा इंच धरली तरी दोन इंच शिल्लक राहतात! आता पुढे काय करू? हात थरथरतायत.

-----

सुतारपक्षी :

आधी आतलं सगळं काढा, आरसा निघत असेल तर तोही. मग पेटी कानाशी धरून अगदी सावकाश एकेका बाजूला कलवा. काही सरकल्याचा, लाकडावर लाकूड लागल्याचा आवाज येतो का ऐका. येत असेल तर खुंटी आहे. कुठल्या बाजूला येतो ते लिहून ठेवा आणि पेटी तशीच कलती ठेवून आतल्या तळफळीवर दोन्ही तळवे सपाट ठेवून चारी दिशांना दाबून बघा. नख, सुरी, चमचा काही घालायचं नाही.

-----

पानसुपारी :

आवाज येतो! उजवीकडे कलवलं की बारीक टक्. तशीच धरून तळफळी मागे दाबली तर अर्धं बोट सरकली आणि थांबली. कडेला आत काळोख दिसतोय. जोर लावू का?

-----

सुतारपक्षी :

अजिबात नाही. श्रावण चालू आहे, फळी फुगलेली आहे. आहे तशी परत पुढे सरकवा, पेटी कोरड्या खोलीत जमिनीपासून उंच ठेवा. दिवाळीनंतर थंडी पडली की कडेला मेण घासून परत बघू. तोपर्यंत टक् आवाज कुठल्या कोनाला येतो त्याचं चित्र काढून इथे टाका, खुंटी एक आहे की दोन ते त्यावरून कळेल.